पावसाखालचा वारा

काकाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अकोल्यात त्यांच्या बहिणीच्या घरासमोर मंडप होता आणि मंडपाच्या तोंडाशी फ्लेक्स होता. फ्लेक्सवर काकाजींचा तरुणपणचा फोटो, मागे धूर सोडत वर जाणारं रॉकेट आणि खाली ठळक अक्षरांत ‘थोर रॉकेट शास्त्रज्ञ’. मी तिथेच थबकले. काकाजी असते तर त्यांनी आधी तो फ्लेक्स उतरवायला लावला असता आणि मगच स्वतःच्या कार्यक्रमाला बसले असते. रॉकेट त्यांनी टीव्हीवरच पाहिलं होतं, तेही अर्धवट, कारण ऐन उडायच्या वेळी त्यांना पाणी प्यायला उठावंसं वाटायचं. भाषणं झाली. एका वक्त्याने त्यांना चंद्रावर पोचवलं, दुसऱ्याने मंगळावर. मी मागच्या खुर्चीवर दातओठ खात बसले होते. वाऱ्याचं नाव एकानेही काढलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. चिडून लिहिते आहे हे आधीच सांगते, आणि ती चीड सगळी त्या वक्त्यांवरची नाही, हेही.

अमरावतीत मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. मी मूळची मोर्शीची, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलेली. खोली बघायला गेले तेव्हा म्हातारा अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि माझ्याकडे न बघता माझ्या उजव्या खांद्यापलीकडे बघत होता. मला वाटलं, मागे कोणी उभं आहे.

“कोनत्या गावची?”

“मोर्शीची.”

“काय शिकवते?”

“इंग्रजी.”

“शिकवते ते समजलं. वाचता येते काय?”

माझं डोकंच फिरलं. मी वळून निघणार, तेवढ्यात त्यांनी एक छापील कागद पुढे केला. मी तणतणत अर्धं पान वाचून दाखवलं. एक शब्द कळला असेल तर शपथ. काकाजींनी मान कोंबडीसारखी तिरपी करून ऐकलं आणि म्हणाले, “जे लिहेल हाये तेच वाचते. चांगलं हाये. जाय वर, खोली पाहून घे.”

त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या बाजूला बघावं लागे. दर काही महिन्यांनी नागपूरला जाऊन डोळ्यांत इंजेक्शन घ्यायचे आणि परत येऊन त्या डॉक्टरला दिवसभर नावं ठेवायचे. मोबाइल पत्रं वाचून दाखवतो हे त्यांना माहीत होतं, पण मोबाइलमधल्या बाईशी त्यांचं जमलं नाही. “तिले काही समजत नाही अन् नुसती बडबडते,” हा त्यांचा निकाल. म्हणून रोज संध्याकाळी सहाला मी खाली यायचं आणि ई-मेलवर आलेली पत्रं वाचून दाखवायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. मी त्यांना काकाजी म्हणायचे, ते मला मास्तरीण.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्या राज्यात काढली होती. जन्म अकोटजवळचा, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्या माणसाने आयुष्यभर समुद्रावरचा वारा मोजला. समुद्रावर जाऊन नाही, उपग्रहातून. वारा दिसत नाही मग उपग्रह मोजतो कसा, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. उत्तर न देता त्यांनी मला स्वयंपाकघरातून परात आणायला लावली. तीत पाणी ओतलं. “मार फुंकर.” मी मारली. “पान्याच्या अंगावर काटा आला का नाही?” आला होता. “झालं. वरतून आमी रेडिओची लहर फेकतो. पानी गुळगुळीत असलं तं लहर घसरून दुसरीकडेच जाते. काटा असला तं वापस येते. जितका काटा, तितका वारा. पीएच. डी. झाली तुही, परात घासून ठेव.”

पण एका उपग्रहाला सगळा समुद्र एका वेळी दिसत नाही. तो पट्ट्यापट्ट्याने बघतो आणि मधली जागा सुटते. म्हणून निरनिराळ्या देशांनी वेळा वाटून घेतल्या. कोणाचा उपग्रह सकाळी, कोणाचा दुपारी, म्हणजे वादळ उठलं तर कोणाच्या ना कोणाच्या नजरेला पडावं. आणि सगळ्यांची मापं सारखी हवीत. आपण जिथे जोराचा वारा म्हणतो तिथे दुसऱ्याने मध्यम म्हटलं तर जहाजवाल्याने कोणाचं ऐकायचं? हे सगळं जुळवून घ्यायला देशोदेशीच्या माणसांचा एक गट होता. वर्षातून एकदा समोरासमोर बैठक, मध्ये काही वेळा कॉम्प्युटरवर. काकाजी त्या गटात कितीतरी वर्षं होते. निवृत्त झाल्यावरही जुना माणूस म्हणून त्यांना बोलावणं येई.

घरातल्या बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळावर कडेने टिकल्या चिकटवलेल्या होत्या. त्यांच्या पत्नीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तिच्या उरलेल्या पाकिटातल्या त्या टिकल्या. एकेक टिकली एकेका देशाच्या उपग्रहाची वेळ. साडेनऊच्या टिकलीवर काटा आला की काकाजी मोठ्याने म्हणायचे, “युरोपवाला आला, चहा ठेवा.” धुणं-भांडी करायला येणाऱ्या मावशी पहिले कित्येक दिवस तीन कप चहा टाकत होत्या.

गल्लीतल्यांना या माणसाचं काय करावं ते कळत नसे. मे महिन्यात आमच्याकडे ऊन कसं असतं ते सांगायला नको. एकदा कोपऱ्यावरचा पानठेलेवाला हात जोडून म्हणाला, “काकाजी, पानी कधी येनार ते तरी सांगा.” काकाजी उखडले. “मले काय इचारतो? मी समुद्राचा मानूस हावो. जमिनीवर आमचा उपग्रह आंधळा हाये बाप्पा, आंधळा!” पानठेलेवाला मागे म्हणाला, एवढं शिकून उपयोग काय मग. मला हसू आलं होतं. आज ते हसू आठवलं की माझाच राग येतो.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर काकाजी पांढरा शर्ट-पँट घालून दारात बसलेले, आजूबाजूला चार खुर्च्या मांडलेल्या. आदल्या संध्याकाळी मीच पत्र वाचून दाखवलं होतं. परदेशातला एक जुना उपग्रह बंद पडला होता आणि तो पुन्हा सुरू करायचे प्रयत्न सोडून दिले होते. मला काय माहीत, त्याचं असं होणार! समोरच्या वहिनी आल्या, बसल्या. त्यांचे यजमान आले, बसले. आमच्याकडे दुःखाच्या घरी गेल्यावर ‘कोण गेलं’ असं तोंडावर विचारत नाहीत. बसायचं, घरचं माणूस सांगेल तेव्हा ऐकायचं. काकाजींनी काही सांगितलं नाही. दुपारी वहिनींनी रीतीप्रमाणे भाकरी आणि झुणका आणून दिला, कारण अशा घरी चूल पेटत नाही. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“काकाजीचं कोन गेलं व?”

“उपग्रह बंद पडला, वहिनी. परदेशातला.”

वहिनी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “अन् मी भाकरी देल्ल्या?”

पण बाई मनाची मोठी. परत आत गेल्या आणि म्हणाल्या, “जेवून घ्या काकाजी, गेला तो गेला.” काकाजी जेवले. जेवताना मला म्हणाले, “त्याच्याच मापानं आमी आमचं माप तपासलं व. इतकी वर्सं तो खोटं बोलला नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या वेळी मी गालातल्या गालात हसत होते, हे कबूल करते.

पत्रं नुसती वाचायची नसत, लिहायचीही असत. काकाजी सांगणार, मी टाइप करणार. त्यांचं इंग्रजी त्यांच्या बोलण्यासारखंच. एका देशाच्या आकड्यांत त्यांना खोट सापडली. पत्र काय, तर ‘तुमचा आकडा चुकला आहे. तपासा.’ संपलं. मी त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन वाक्यं घातली, आपल्या मोलाच्या कार्याबद्दल आदर आहे वगैरे. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. ऐकलं आणि तिरप्या मानेने म्हणाले, “हे कोन म्हनलं?”

“मीच घातलं. बरं दिसतं.”

“साखर कायले टाकली? त्याले चार ओळी चाटून झाल्यावर समजन चुकलं म्हून. काढ.”

मी काढली. पण पुढच्या पत्रात हळूच थोडी घातली, आणि वाचून दाखवताना गाळली. तुम्हांला वाटेल यात काय मोठंसं! मलाही तसंच वाटत होतं. माझा स्वभावच तो. वर्गात नापास पोरीला नापास सांगताना मी आधी तिच्या अक्षराचं कौतुक करते. कुणाचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही आणि याला मी चांगुलपणा समजत होते.

त्या हिवाळ्यात काकाजींनी एक टिपण लिहायला घेतलं. दीड पानाचं टिपण, सगळा हिवाळा गेला. एक ओळ सांगायची, खोडायला लावायची, पुन्हा सांगायची. मी वैतागले. एका संध्याकाळी म्हटलं, “काकाजी, तुम्ही आता रिटायर. कशाला एवढा जिवाला त्रास?” तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं.

पाऊस पडत असला की समुद्राच्या अंगावर वाऱ्याचा काटा असतो तसा थेंबांचाही असतो. उपग्रहाचा गोंधळ होतो, आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून फार वर्षांपूर्वी गटात नियम झाला. जिथे पाऊस तिथला वारा द्यायचाच नाही, ती जागा कोरी सोडायची. हा नियम मांडला होता काकाजींनी. परदेशातल्या बैठकीत उभे राहून मांडला, सगळ्यांनी माना डोलावल्या. येताना ते चॉकलेटचा डबा घेऊन आले होते, इतके खुशीत होते.

“मंग एक वादळ आलं,” ते म्हणाले. “आपला उपग्रह बरोबर त्याच्यावरूनच गेला. आमी सारे पडद्यासमोर. भोवतालचा वारा झकास आला. अन् मधात पांढरं फटक. मधात पाऊस होता ना! हवामानवाल्याचा फोन आला. म्हने, साहेब, मधात काय हाये? मी म्हनलं, माहीत नाही.”

मी टाइप करायचं थांबले होते.

“मंग चार दिवसांनं मी तो आकडा आतून काढून पायला. खराबच होता. पन होता व. अन् मोठा होता. त्याच्यावर पांढरा रंग मीच मारला होता.”

“सांगितला असता तर फरक पडला असता?”

“कोनी सांगू शकत नाही. पडला असता, नसता पडला. पन त्यानं इचारलं तवा मायापाशी उत्तर होतं, अन् मी माहीत नाही म्हनलं. तिथी समुद्रात नावा होत्या.”

एवढं बोलून त्यांनी टिपणाची पुढची ओळ सांगायला घेतली. 

टिपणात एवढंच होतं. मी मांडलेला नियम चुकीचा होता. पावसाखालचा वारा कोरा सोडू नका. संशयाची खूण करा, पण द्या. ज्याला लागेल तो ठरवेल काय करायचं ते. हे त्यांना पुढच्या बैठकीत स्वतःच्या तोंडाने वाचायचं होतं. डोळे जात होते, म्हणून त्यांनी दीड पान पाठ केलं होतं. अंगणात फेऱ्या मारत पोरासारखं घोकायचे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांची करायची बाकी होती.

आणि मग ते पत्र आलं.

सहा वाजायचे होते, साडेचारच झाले होते. मला मोर्शीला चुलत बहिणीच्या हळदीला जायचं होतं आणि एसटी चुकेल म्हणून मी लवकर खाली उतरले होते. पत्र उघडलं. पहिल्या दोन परिच्छेदांत लिहिलं होतं की गटाची रचना बदलली आहे, यापुढे प्रत्येक देशाने नेमलेले नोकरीतले अधिकारीच असतील, निवृत्त निमंत्रितांना बोलावलं जाणार नाही. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.  समोर काकाजी, कान टवकारून, माझ्या खांद्यापलीकडे बघत.

“काय म्हनते? तारीख आली काय बैठकीची?”

मी म्हटलं, “पुढे ढकलली.”

किती सहज निघालं तोंडातून! मी पत्र तिथेच बंद केलं, पिशवी उचलली आणि एसटी गाठली. नागपूरचं इंजेक्शन होऊ दे, मग सांगू, असं मनाशी ठरवलं. इंजेक्शन झालं. मग म्हटलं, सूज उतरू दे. सूज उतरली. रोज संध्याकाळी ते विचारत, तारीख आली काय, आणि मी रोज नाही म्हणे. एकदा खोदून विचारलं, का ढकलली, तर मी सांगून टाकलं की कोणीतरी आजारी आहे. “कोन? जपानवाला काय?” मी हो म्हटलं. गटातले जपानचे एक गृहस्थ त्यांचे जुने स्नेही होते, अजून नोकरीत असलेले. काकाजी बेचैन झाले. लगेच पत्र सांगायला बसले. तब्येतीची काळजी घ्या, बैठकीची घाई नाही, तुम्ही बरे झाल्यावरच घेऊ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून साखर घातली होती, आणि मी ते पत्र टाइप करायचं नाटक करत नुसती बोटं वाजवत होते. 

असे दोन-अडीच महिने गेले.

रविवारची दुपार होती. मी वरून पाटवडीचा रस्सा घेऊन आले होते आणि काकाजी जेवत होते. फोन वाजला. त्यांना बटण दिसत नसे म्हणून मीच स्पीकर लावून दिला. जपानचे गृहस्थ होते. काकाजी एवढे आनंदले की उष्ट्या हातानेच फोन धरला. पहिला प्रश्न, तब्येत कशी आहे? पलीकडून उत्तर आलं की उत्तम आहे, मला काय झालंय? मग ते म्हणाले, बैठक झाली, नवे लोक चांगले आहेत. फक्त वाईट एका गोष्टीचं वाटलं, तुमचं टिपण आलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत मी गटाला थांबवून ठेवलं होतं.

मी ताटाशेजारी उभी होते. 

 काकाजी फोनमध्ये इंग्रजीत म्हणाले की आमच्या इकडून पत्र नीट वाचलं गेलं नाही, चूक माझी आहे. दोन शब्द इकडचे-तिकडचे बोलले आणि फोन ठेवला. हात धुऊन आले. खुर्चीत बसले.

“काढ ते पत्र. पहिल्या ओळीपासून वाच.”

मी वाचलं. दोन परिच्छेद माझ्या ओळखीचे होते. त्याच्याखाली तिसरा होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. पोरींना रोज बजावते, उतारा शेवटपर्यंत वाचा, मग उत्तर लिहा. मी वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं की पावसाच्या मुद्द्यावरचं आपलं टिपण आम्हांला हवं आहे. अमुक तारखेपर्यंत पोचलं तर नव्या गटाच्या पहिल्याच बैठकीत ते पूर्ण वाचून दाखवू. ती तारीख कधीच उलटून गेली होती.

“शेवटचं अजून एकदा वाच.”

वाचलं.

“टिपण तयार होतं ना आपलं?”

“हो.”

“पाठवाले किती वेळ लागला असता?”

“दोन मिनिटं,” म्हटलं आणि मला रडू फुटलं. मी त्यांचे पाय धरायला वाकले, त्यांनी पाय मागे घेतले.

“तुले वाटलं, मले झेपनार नाही.”

“हो, काकाजी.”

“मलेबी तसंच वाटलं होतं. लोकायले खराब आकडा झेपनार नाही, म्हून मी कोरा सोडला. चांगल्या मनानं सोडला व. वाईट मनानं कोनीच काही झाकत नाही.” मग म्हणाले, “जाय आता वर.”

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. खोली खाली कर म्हणायला हवं होतं. ते काहीच झालं नाही. मी त्याच दिवशी टिपण पाठवलं आणि सोबत माझी चूक लिहिली, एकही गोड शब्द न घालता. चार दिवसांनी उत्तर आलं की पुढच्या वर्षीच्या बैठकीत विचार करू, नक्की सांगता येत नाही. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. काकाजी “बरं” म्हणाले. त्यानंतर मी सहाला खाली गेले की ते म्हणत, “आज काही नाही आलं.” आलेलं असायचं. त्यांचा ई-मेल माझ्या मोबाइलवरही उघडत असे, त्यात मला दिसायचं. त्यांना वाचता येत नव्हतं आणि माझ्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं, म्हणून पत्रं तशीच पडून राहायची. याच्याइतकी शिक्षा मला आजवर कोणी दिलेली नाही.

पावसाळ्याच्या तोंडी त्यांची धाकटी बहीण आणि भाचा आले आणि त्यांना अकोल्याला घेऊन गेले. घराला कुलूप लागलं. मीही दुसरी खोली बघितली.

पुढच्या वर्षी एका सकाळी बहिणीचा फोन आला. “दादा म्हनते, त्या मास्तरणीले बोलाव.” मी बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडली.

फाटकातच भाच्याने मला बाजूला घेतलं. चाळिशीचा, सरळ माणूस, डोळे रडून सुजलेले. “मॅडम, मामाले काहीच माहीत नाही. पोटात अल्सर हाये म्हून सांगतलं आमी. तुमीबी काही बोलू नका, पाया पडतो.” मी विचारलं, खरं काय आहे? त्याने सांगितलं. शेवटची अवस्था होती.

काकाजी खाटेवर होते. अर्धे राहिले होते. कडेचंही आता दिसत नव्हतं. मी जय भीम केला, त्यांनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

“त्या टिपणाचं काय झालं?”

माझ्या जिभेवर आलं होतं, विचार चालू आहे, लवकरच कळवतील. गिळलं. “काही झालं नाही, काकाजी. बैठक झाली, त्यांनी घेतलं नाही. मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही.”

त्यांनी मान हलवली.  मग त्यांनी उशीखाली हात घालून एक पाकीट काढलं. कपाटात वरच्याच कप्प्यात होतं ते. आंधळ्या माणसाच्या घरात कागद लपवून ठेवावा असं कोणाला वाटत नाही. त्यांनी चाचपडत शोधलं होतं.

“दवाखान्याचं हाये. इंग्रजीत असन. वाच.”

दारात भाचा उभा होता. त्याने दोन्ही हात जोडले, मान जोरजोरात हलवली. त्याच्यामागे बहीण, पदर तोंडात कोंबलेला. मी त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि वाचायला लागले. नाव, वय, कसला तुकडा तपासला. मग आजाराचं नाव. ते मी मराठीतही सांगितलं. कुठून कुठे पसरलाय ते. उपचाराचा उपयोग होणार नाही, दुखणं कमी करत राहावं, ते. प्रत्येक ओळ वाचली, एकही गाळली नाही. 

“अजून?”

“खाली डॉक्टरची सही आहे. आणि तारीख.”

“कोनती?”

मी सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. एकोणीस झाले.  मी वाट बघत होते, त्यांचं तोंड कधी उतरतं याची, आणि या वेळी मी नजर वळवणार नव्हते.

पण त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलंच नाही. दाराकडे वळवलं, जिथून बहिणीचा दबलेला श्वास येत होता.

“एकोणीस दिवस झाले,” ते तिला म्हणाले, “एकटीच रडून राहिली काय व तू?”

 काकाजींनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर तिच्यासाठी जागा केली. म्हातारी येऊन बसली आणि त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने रडली.